दूध बिलाचा दोन हजार ओळींचा क्लास कसा फोडायचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जावा भाषेत लिहिलेलं, जुनं, पण चालणारं. त्यात ‘बिलमॅनेजर’ नावाचा क्लास, म्हणजे कोडचा एक गठ्ठा, होता. मशीनकडून फॅट वाचणं, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) काढणं, दर लावणं, पशुखाद्याची वजावट, अ‍ॅडव्हान्सचा हप्ता, दहा दिवसांचं बिल, त्याची छपाई, वर सभासदाला एसएमएस, सगळं त्याच्याच गळ्यात. नावात ‘मॅनेजर’ दिसलं की मी आधी ओळी मोजते. तो आम्ही कसा फोडला ते क्रमाने सांगते. तुमच्याकडे दुधाऐवजी फाउंड्रीचं कास्टिंग किंवा गुळाचे सौदे असतील, क्रम तोच राहतो.

आधी क्लास नीट निवडा. नुसता मोठा आहे म्हणून हात घालू नका. आमच्याकडे दरपत्रक वाचणारा एक क्लास दिसायला अगदी गबाळा आहे, पण वर्षानुवर्षं त्याला कुणी शिवत नाही, म्हणून तो तसाच ठेवलाय. गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इतिहासातून कुठली फाइल सगळ्यात जास्त वेळा बदलली ते काढा आणि मग तिच्यावर गुंतागुंतीचं माप चालवा. कोडमधून जायच्या स्वतंत्र वाटा मोजायचं सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचं माप थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलं आणि एका मॉड्यूलला १० ची मर्यादा सुचवली. कोड तपासणाऱ्या सोनारक्यूबचं कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीचं (कोड समजायला किती अवघड त्याचं) माप एका मेथडला, म्हणजे क्लासमधल्या एका कामाच्या तुकड्याला, १५ च्या वर गेलं की कुरकुरायला लागतं. ९ चांगलं आणि ११ वाईट असा वाद घालत बसू नका. वारंवार बदलणारी आणि गुंतलेली, अशा दोन्ही याद्यांत जी फाइल वर येते तिच्यापासून सुरुवात करा.

हात लावण्याआधी बिल गोठवा

कागल तालुक्यातले एक सचिव फोनवर म्हणाले होते, “मॅडम, काय बी करा, पण बिलात पाच पैशाचा बी फरक नको. न्हायतर सकाळी संस्थेच्या दारात माणसं उभी राहत्यात.” आम्ही टेस्टची, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या कोडची, अट तीच ठेवली.

कागदावरचे नियम आणि चालणारं कोड यांचा मेळ क्वचितच बसतो. त्यामुळे आजचं कोड आज जे उत्तर देतं तेच तूर्त प्रमाण धरा, ते चूक वाटलं तरी. जुन्या बिलांतून अडचणीचे सभासद मुद्दाम निवडा: गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणारा, मधले दोन दिवस दूधच न घातलेला, बिलापेक्षा अ‍ॅडव्हान्स जास्त असलेला, आणि दहा दिवसांच्या मधेच दर बदललेला. सरळ सभासदांची शंभर बिलं जमवण्यापेक्षा असली चार बिलं जास्त कामाला येतात. प्रत्येक बिल टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर नवीन बिल त्या फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. याला कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हणतात.

ही टेस्ट पहिल्या झटक्यात चालत नाही, कारण असला क्लास आजची तारीख आतूनच घेतो आणि डेटाबेसही आतूनच उघडतो. म्हणून तारीख, डेटाबेस आणि प्रिंटर या तीन गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून (क्लासची वस्तू तयार होताना चालणाऱ्या कोडमधून) बाहेरून द्यायची सोय करा. तारखेसाठी जावात ‘क्लॉक’ आयताच मिळतो. हा बदल टेस्टच्या आधाराशिवाय करावा लागतो, तेव्हा जिथे जमेल तिथे आयडीईमधली (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधली) तयार रिफॅक्टरिंग, म्हणजे वागणूक न बदलता रचना बदलायच्या सोयी, वापरा.

कुठे कापायचं

ओळी मोजून कापू नका. पाचशे-पाचशे ओळींचे चार क्लास केले तर एकाच गुंत्याच्या चार फाइली होतात, आणि दर बदलला की चारही उघडाव्या लागतात. बदल कोण मागतं ते विचारा. दर आणि एसएनएफचे नियम दूध संघाकडून येतात. वजावट संस्थेचं संचालक मंडळ ठरवतं. छपाईत काय हवं ते सचिव सांगतात, आज सहीची जागा मोठी, उद्या फॉन्ट मोठा. मशीनचं नवीन मॉडेल आलं की पोर्टवरून वाचायचं कोड बदलतं. चार जणांच्या चार मागण्या, म्हणून चार क्लास.

आम्ही चक्क प्रिंट काढून चार रंगांच्या पेन्सिलींनी ओळी रंगवल्या. ऑफिसात चेष्टा झाली, पण दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक मेथड एकाच रंगाच्या निघाल्या, त्या नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवायच्या होत्या. ज्या मेथडमध्ये तीन-तीन रंग होते तिथेच खरं काम होतं. तिथे आधी त्याच क्लासमध्ये राहून लहान मेथड वेगळ्या काढा, टेस्ट चालवा, कमिट करा (बदल गिटमध्ये नोंदवा), आणि मगच त्या नव्या क्लासमध्ये हलवा. नाव बदलणं, जागा हलवणं आणि वागणूक बदलणं या तिन्ही गोष्टी एका कमिटमध्ये कधीच नकोत. नावं संस्थेत बोलतात तीच घ्या. ‘डिडक्शनटू’ला नंतर कुणी ओळखत नाही, ‘पशुखाद्यवजावट’ सगळ्यांना कळतं.

आता तीन रंगांची एक मेथड जवळून बघा. सीएलआर (लॅक्टोमीटरचं दुरुस्त केलेलं रीडिंग) आणि फॅटवरून एसएनएफ काढायची एकापेक्षा जास्त सूत्रं चालतात. एकात सीएलआरला ४ ने भागून त्यात फॅटच्या ०.२१ पट आणि वर ०.३६ मिळवतात. दुसऱ्यात फॅटच्या ०.२५ पट आणि ०.४४. आमच्या कोडमध्ये हे आकडे नावाशिवाय तीन ठिकाणी पडलेले होते, आणि रोजच्या नोंदीत पहिलं सूत्र तर दुरुस्तीच्या नोंदीत दुसरं होतं. सीएलआर २८ आणि फॅट ६ धरा. पहिल्याने एसएनएफ ८.६२ येतो, दुसऱ्याने ८.९४. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून ठरतो, तिथे हा फरक थेट शेतकऱ्याच्या खिशाला लागतो.

इथे हात शिवशिवतात. तीन जागांचं एक सूत्र करून टाकावंसं वाटतं. थांबा. ‘एसएनएफसूत्र’ नावाचा छोटा क्लास करा, त्यात दोन्ही सूत्रं नावानिशी ठेवा, आणि आज जिथे जे लागतं तिथे तेच लागू दे. गोठवलेली बिलं जशीच्या तशी जुळली पाहिजेत. मग दोन्ही आकडे कागदावर घेऊन सचिवांकडे जा. कुठलं सूत्र लावायचं ते त्यांनी संघाला विचारून लेखी कळवायचं, आणि तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये जाणार. रिफॅक्टरिंगच्या नावाखाली कुणाचं बिल परस्पर बदलायचा अधिकार प्रोग्रामरला नाही.

पैशाचंही असंच. ४.३ लिटर दूध, दर ५२.३५, रक्कम २२५.१०५. हाफ-अप पद्धतीने (अर्धा पैसा वर धरून) ती २२५.११ होते, हाफ-इव्हनने (अर्धा पैसा जवळच्या सम आकड्याकडे नेऊन) २२५.१०. ‘डबल’मध्ये (दशांश आकडा बायनरीत अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवली तर काय होईल ते बायनरीतल्या शेपटावर, म्हणजे त्या बारीक चुकीवर, अवलंबून. रकमेला ‘बिगडेसिमल’ (जावातला नेमका दशांश आकडा) वापरा, तो स्ट्रिंगवरून (मजकुरातल्या आकड्यावरून) बनवा (‘डबल’वरून बनवला तर ते शेपूट आत येतंच), आणि राउंडिंग एकाच जागी ठेवा. ते प्रत्येक नोंदीला करायचं की शेवटी बेरजेला, हेही विचारून घ्या. रोज दोन वेळच्या मिळून वीस नोंदींत नुसत्या राउंडिंगने दहा पैशांपर्यंत फरक पडू शकतो.

बाकीचं पटापट उरकतं. ‘ट्रू, फॉल्स, ट्रू’ असे पॅरामीटर पाठवणाऱ्या मेथडच्या दोन-तीन वेगळ्या नावांच्या मेथड करा. पाच पातळ्या आत गेलेल्या ‘इफ’मध्ये नकोशा केसेस सुरुवातीलाच ‘रिटर्न’ करून बाहेर काढा. कमेंट करून ठेवलेलं जुनं कोड उडवा, ते गिटमध्ये आहेच. रिकामा ‘कॅच’ (चूक पकडून काहीच न करणारं कोड) मात्र शोधून शोधून काढा: आमच्याकडे प्रिंटरमधला कागद संपला की एक्सेप्शन (चुकीचा इशारा) तिथे गिळलं जायचं आणि बिलावर ‘छापलं’ अशी खूण पडायची. हीसुद्धा वागणूक आहे, तेव्हा दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये.

एक इशारा आमच्या नव्या पोरांसाठी. चार क्लास पुरतात तिथे चाळीस करू नका. एकच इंप्लिमेंटेशन (प्रत्यक्ष काम करणारा क्लास) असलेला इंटरफेस (नुसती मेथडची यादी) टेस्टसाठी लागत असेल तरच ठेवा.

नवीन कोड संस्थेत नेताना तारीख बघा. बिल १, ११ आणि २१ तारखेला निघत असेल तर त्याच्या आदल्या दिवशी काही बदलायचं नाही, कितीही खात्री असली तरी. पहिल्या बिलाला जुनी आणि नवी दोन्ही गणितं चालवा, छापायचं जुनंच, आणि जिथे पैशाचाही फरक दिसेल तो सभासद क्रमांकासह लॉगमध्ये टाका. लॉग रिकामा राहिला की पुढचं बिल नव्यावर काढा. तेही नीट निघालं की ‘बिलमॅनेजर’ डिलीट करा. ‘असू दे, लागलं तर’ म्हणून ठेवलात तर पुढच्या महिन्यात घाईत कुणीतरी नवीन वजावट त्यातच लिहिणार.