कमी ऐकणाऱ्या मुलाचा तोल घरी कसा तपासावा

आतल्या कानात ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणारे अवयव एकमेकांना लागूनच असतात. त्यामुळे आतल्या कानातल्या बिघाडाने बहिरेपण आलेल्या बऱ्याच मुलांचा तोलही कच्चा असतो. मूल धावतं-खेळतं म्हणून ते लक्षात येत नाही. तोलासाठी शरीर डोळे, पायांची जाणीव आणि आतला कान या तिघांवर भिस्त ठेवतं. कान कमी पडला की डोळे सांभाळून घेतात. पावसाळ्यात वीज गेली की हेच मूल भिंत धरून चालू लागतं. म्हणून नुसती उघड्या डोळ्यांची तपासणी पुरेशी नाही.

सपाट लादीवर मुलाला अनवाणी उभं करा, हात कमरेवर. एक पाय उचलायला सांगा. पाय जमिनीवरून सुटला की घड्याळ सुरू. तो टेकला, उभा पाय सरकला किंवा हात सुटले की बंद. तीनदा करून सर्वांत जास्त वेळ लिहून ठेवा. मग हेच डोळे मिटून. एकदा डोळे मिटले की त्याला तुमचे ओठ-हात दिसणार नाहीत, तेव्हा सगळं आधीच करून दाखवा. खांद्यावर थाप म्हणजे थांब, असंही ठरवून घ्या. श्रवणयंत्र लावूनच तपासा. कुणीतरी मागे हात पुढे धरून उभं राहावं.

पाच वर्षांचं मूल उघड्या डोळ्यांनी साधारण ८-१० सेकंद टिकतं. सहा-सात वर्षांपुढचं मूल डोळे मिटून ४ सेकंदही टिकत नसेल, तर शंका घ्यावी. बहुतेक चूक एकाच ठिकाणी होते: उचललेला पाय दुसऱ्या पायाला टेकतो आणि आकडा फुगतो. सर्दी झाली असेल, कानात पाणी साचलं असेल किंवा मूल पेंगुळलं असेल तर त्या दिवशी राहू द्या.

किनाऱ्यावरची कोरडी, भुसभुशीत वाळूही कामाची. तिथे पायांची जाणीव फसते. दोन्ही पाय जोडून आधी डोळे उघडे, मग मिटून, प्रत्येकी ३० सेकंद उभं करा. लादीवर दोन्ही पाय जोडून डोळे मिटून नीट उभं राहणारं मूल वाळूवर डोळे मिटताच कलंडलं, तर संशय आतल्या कानावर जातो.

अगदी लहान बाळाची अशी परीक्षा घेता येत नाही. मान उशिरा धरणं, दीड वर्षं उलटूनही न चालणं, एवढी खूण पुरे. बहिरेपण, उशिरा चालणं आणि पुढे रात्री कमी दिसणं हे तिन्ही जुळलं तर डोळ्यांची तपासणीही लगेच करून घ्या.

आकडे लिहिलेला कागद गोव्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कान-नाक-घसा विभागात दाखवा. कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) ठरत असेल तर शस्त्रक्रियेआधीच तोलाची तपासणी मागा, कारण शस्त्रक्रियेचाही तोलावर परिणाम होऊ शकतो.

निदान होईपर्यंत पाण्याची काळजी घ्या. गढूळ पाण्यात बुडी मारल्यावर अशा मुलाला वर कुठे, खाली कुठे हे कळेनासं होतं. यंत्र काढलेलं असल्यामुळे हाकही पोचत नाही. नदी असो वा समुद्र, कमरेच्या वर पाणी नको आणि मोठं माणूस हात पोचेल इतकं जवळ हवं.