राग घेऊन पळू नका: जोराचा व्यायाम आणि मन निवळण्याचा क्रम

घरात वाजलं की तडक पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या रेतीवर, जायचं आणि फेस येईपर्यंत धावायचं, हा सल्ला किनाऱ्यावरच्या गावांत कुणीही देतं. तो अर्धाच बरोबर आहे. राग आणि व्यायाम यांवरच्या दीडशेहून जास्त अभ्यासांचा एकत्रित आढावा 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यात अंग तापवणाऱ्या गोष्टींनी राग एकंदरीत कमी होत नाही, जॉगिंगने तर वाढण्याकडेच कल दिसतो, असं आढळलं. श्वास आणि शिथिलीकरणाने मात्र राग उतरतो. कारण साधं आहे. रागात छाती आधीच धडधडत असते, त्यात धावण्याची धडधड मिसळते आणि डोक्यात तेच भांडण पुन्हापुन्हा चालू राहतं.

तरीही जोराचा व्यायाम कामाचा आहे, कारण खरा दम लागला की विचारांची घरघर काही मिनिटं बंद पडते. नंतर शरीर खाली येतं तेव्हा बहुतेकांना धावण्याआधीपेक्षा बरं वाटतं. त्या उतरत्या अर्ध्या तासात अडलेल्या गोष्टीकडे नव्याने बघणं सोपं जातं. म्हणून सगळा भर क्रमावर आहे: आधी भावनेला नाव, मग विचार बाजूला ठेवून जोर, शेवटी विचार.

आधी हे तपासा

वयाची चाळिशी उलटली असेल आणि अंगाला सवय नसेल, बीपी, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावू नका. 52 देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात (2016) असं दिसलं, की तीव्र संताप आणि भारी श्रम एकाच तासात आले तर झटक्याचा धोका तिपटीहून जास्त होतो. म्हणजे रागाच्या भरात धावत सुटणं मनाला निरुपयोगी आणि छातीलाही वाईट. ताप असताना किंवा नुकताच गेला असतानाही नको.

वेळ: तिथी बघून

ओली, घट्ट रेती हवी. कोरड्या रेतीत धावायला सुमारे दीडपट शक्ती लागते आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलतात. घट्ट रेती ओहोटीला मिळते. कोळ्यांचा हिशोब वापरा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सहा तास आधी, पहाटे पाचच्या सुमारास. अष्टमीला सहाला भरती, तेव्हा सकाळी पुळणीवर जाऊन उपयोग नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. चतुर्दशी ते द्वितीयेच्या सकाळी सगळ्यांत सोयीच्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या भाट्ये, गुहागर, कर्दे अशा सपाट पुळणी चांगल्या. खाडीच्या तोंडाशी रेती भुसभुशीत असते, तिकडे वळू नका. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून जेवढं जाल तेवढंच परत या, नाहीतर एकाच गुडघ्यावर आणि कमरेवर ताण येतो.

एप्रिल-मेमध्ये सातच्या आत आटपा. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त चढते. म्हणून घड्याळातला वेग बघू नका, दम बघा.

पहिली दहा मिनिटं

बसा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. मग एका चिटोऱ्यावर भावनेचं नाव आणि तिचा जोर, शून्य ते दहा. ‘टेन्शन आहे’ चालणार नाही. धास्ती, चडफड, अपमान, मत्सर, अपराधी वाटणं, हुरहुर, यांतलं नेमकं काय? ‘भावाने गणपतीचा खर्च ठरवताना विचारलं नाही. अपमान, सात.’ एवढं पुरे. आठच्या वर असेल तर आज धावू नका, नुसतं चाला.

नंतर आठ मिनिटं भराभर चाला.

जोराचा भाग

नवख्यांनी एक मिनिट जोरात, दोन मिनिटं चालत, अशा सहा फेऱ्या. महिनाभराने, जमत असेल तर, चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं चालत, अशा चार फेऱ्या. जोर म्हणजे किती? दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण फेरी पूर्ण करता यावी. नाडीच मोजायची तर 220 मधून वय वजा करा आणि त्याच्या 80 ते 90 टक्के धरा. चाळीस वर्षांच्या माणसाला 144 ते 162. बीपीच्या काही गोळ्या नाडी खाली ठेवतात, त्यांनी आकडा सोडून दमावर जावं. पहिलीच फेरी सगळी ताकद लावून मारली की तिसरीला पाय उचलत नाहीत, हे हमखास घडतं. पहिली फेरी थोडी हातची राखून धावा.

धावताना विचार करायचा नाही. त्या वेळी डोकं काही सोडवतही नाही, जोर वाढला की बहुतेकांना त्या क्षणी वाईटच वाटतं. नजर बाहेर ठेवा: पुढचं सुरूचं झाड, उपड्या घातलेल्या होड्या, पावलं मोजणं. भांडण डोक्यात परत आलं तर झटकू नका, ‘आलं’ एवढं म्हणा आणि पुन्हा एकपासून मोजा. चालण्याच्या मिनिटांत ते जास्त येतं, तेव्हा श्वास मोजा.

छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, तर थांबा आणि दवाखाना गाठा. पॅनिकचा त्रास असणाऱ्यांना धडधडच घाबरवते. त्यांनी वीस सेकंदांच्या फेऱ्यांनी सुरुवात करावी, आणि थेरपिस्ट असेल तर त्यांना सांगून.

उतरताना

आठ-दहा मिनिटं सावकाश चाला, नंतर पाणी किंवा पातळ कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून. बीपी असेल तर मीठ नको. आता सुरूच्या सावलीत चिटोरा काढा. खरं काम इथे आहे आणि घाईने घरी पळणारे नेमकं हेच गाळतात.

तीन प्रश्न लिहून सोडवा. घडलं काय, आणि मी त्यात भर काय घातली? याचा दुसरा, मला खरोखर पटणारा अर्थ कोणता? यातलं माझ्या हातात काय? वरच्या उदाहरणात घडलं एवढंच, की आकडा ग्रुपवर थेट आला. ‘मला जमेत धरत नाही’ ही भर. दुसरा अर्थ: त्याने बहिणीलाही विचारलं नव्हतं, मूर्तिकाराला आगाऊ द्यायची घाई होती. हातात काय: पुढच्या वर्षी आषाढातच बोलणं. ‘भाऊ चांगलाच आहे, सगळं छान होईल’ हा दुसरा अर्थ नव्हे, स्वतःलाच न पटणारी समजूत टिकत नाही. अन्याय खरा असेल, समजा सातबाऱ्यावरून नाव गेलं असेल, तर अर्थ बदलत बसू नका. तिसऱ्या प्रश्नावर या आणि तलाठ्याकडे जायची तारीख लिहा. लिहिताना अडलं तर स्वतःला नावाने हाक मारून प्रश्न विचारा, दुसऱ्याला सल्ला दिल्यासारखं अंतर मिळतं.

शेवटी पुन्हा आकडा. सातचा चार झाला तर ठीक. दर वेळी सात तो सातच राहत असेल तर धावणं ही पळवाट झाली आहे किंवा लिहिणं वरवरचं चाललं आहे.

तासभर फोन बंद. अंगात उरलेली धडधड आपल्याला कळत नाही, आणि त्यात वाचलेला साधा मेसेजही झोंबतो. तिखट उत्तरं याच तासात जातात.

हा क्रम आठवड्यात दोन-तीन वेळा पुरे, मध्ये निदान एक दिवस मोकळा. रोज केलं की पाय दुखावतात आणि चिडचिड वाढते. झोपण्याआधीच्या तासात नको. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर हा क्रम पुरणार नाही, आणि चालू गोळ्या तर याच्या भरवशावर सोडूच नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर धावणं राहू दे, आधी फोन.

पावसाळ्यात

उधाणाच्या दिवसांत पुळणीवर जाऊच नये. पाखाडीवरच्या (दगडी पायवाटेवरच्या) जांभ्याला शेवाळ धरतं, तिथेही धावायचं नाही. पडवीत भरभर सूर्यनमस्कार: एक मिनिट जोरात, दोन मिनिटं येरझाऱ्या, सहा फेऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर ओटीची एकच पायरी चढ-उतर करा. घरात अडचण होते ती नंतरच्या बसण्याची, कुणीतरी हाक मारतंच. वीस मिनिटं कुणी बोलवू नका, असं आधीच सांगून मागच्या पडवीत बसा.