जुना लॅपटॉप बघायला जाताना पेन ड्राइव्हवर काय घ्याल

पुण्याच्या तपकीर गल्लीतलं दुकान असो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की कुणाचं घर, वापरलेला लॅपटॉप बघायला गेलं की जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात यंत्राची खरी कुंडली काढायची, तर तयारी आदल्या रात्रीच व्हायला हवी.

एक पेन ड्राइव्ह रिकामा करा आणि त्यावर विंडोजवर चालणारी तीन छोटी टूल्स घ्या: प्रोसेसर आणि रॅम ओळखणारं सीपीयू-झेड, डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो. तिन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत आणि तिन्हींची इन्स्टॉल न करता चालणारी झिप आवृत्ती मिळते; तीच घ्यायची, कारण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करणं बरं दिसत नाही. फाइल्स ही टूल्स बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये सर्वांत वर दिसणारी लिंक बऱ्याचदा जाहिरात असते, आणि याच टूल्सच्या नावाखाली व्हायरस वाटणारे लोक आहेत. मग तिन्ही टूल्स आधी घरच्या कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघा. कुठला आकडा कुठे दिसतो हे डोळ्यांखालून गेलेलं असलं की समोर विक्रेता उभा असताना धांदल होत नाही.

निघण्याआधी एक फोन. चार्जर मूळचा आहे का, बॅटरी साठ-सत्तर टक्के चार्ज करून ठेवाल का, ॲडमिन अकाउंटचा पासवर्ड माहीत आहे का, हे विचारा. पासवर्डचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तिन्ही टूल्स ॲडमिनची परवानगी मागतात. प्रोसेसरचं पूर्ण नावही फोनवरच विचारून घ्या. नुसतं 'आय७' हे उत्तर पुरेसं नाही.

हे मी भाच्याच्या लॅपटॉपवर शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला आय७, भाचाही म्हणाला, "मामा, स्टिकर आहे की आय७चं," आणि मी मान डोलावली. घरी आल्यावर सीपीयू-झेड उघडलं तर आय७-७५००यू. ७व्या पिढीचा, दोन कोअरचा, म्हणजे आत काम करणारे भाग दोनच. त्याच्या पुढच्याच पिढीतला आय५-८२५०यू चार कोअरचा आहे, म्हणजे नावाने लहान आणि कामाला मोठा. शिवाय एखाददुसरा अपवाद सोडला तर इंटेलचे ७व्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्टिकर खोटं नव्हतं. मी पुढचे चार आकडे वाचले नव्हते.

स्टिकर बदलता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. विंडोजच्या 'अबाउट' पानावरचं प्रोसेसरचं नावही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, फेरफार करून बदलता येतं, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. सीपीयू-झेड थेट प्रोसेसरलाच विचारतं, म्हणून मी त्याचं ऐकतो. त्यात कोअर स्पीड ८०० मेगाहर्ट्झ दिसला तर दचकू नका. काम नसताना प्रोसेसर वेग कमी करतोच.

तिथे पोचल्यावर सगळ्यांत आधी चार्जर काढा. बॅटरीला वेळ लागतो, म्हणून तिचा नंबर पहिला. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport), आणि एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ब्राउझरमध्ये ती उघडून दोन ओळी शोधा: डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची). पहिली ५०,००० आणि दुसरी ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे. सत्तरच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत, असं माझं मत. सायकल काउंटच्या, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली त्या आकड्याच्या, जागी कधीकधी नुसती रेघ असते. त्यावरून काही ठरवू नका. खाली दिलेला कपॅसिटीचा इतिहास फक्त एका आठवड्याचा असेल तर विंडोज नुकतंच नव्याने टाकलंय. त्यात वावगं काही नाही, पण मग लॅपटॉप बॅटरीवर सुरू ठेवून टक्केवारी कशी उतरते हे स्वतः बघा. चाळीसवरून एकदम बंद पडला तर उत्तर मिळालंच.

बॅटरी उतरते आहे तोवर क्रिस्टलडिस्कइन्फो. वरच्या चौकोनात निळा रंग आणि 'गुड' हवं. पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे डिस्क बदलायचीच. फिरती हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी वाचा. तिन्हींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, शून्य हवी. रॉ व्हॅल्यू आधी हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) दिसतात, मेनूतून त्या दशमानात आणता येतात. एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) असेल तर आरोग्याची टक्केवारी, एकूण लिहिलेले गिगाबाइट आणि चालू राहिल्याचे तास बघा. पाच वर्षं जुन्या लॅपटॉपच्या डिस्कचे तास वीस-पंचवीस असतील तर एक तर डिस्क नवी आहे किंवा आकडा खोडलाय. बिल आहे का, एवढं शांतपणे विचारा.

रॅमसाठी पुन्हा सीपीयू-झेड. मेमरीच्या टॅबमध्ये १६०० दिसलं आणि विक्रेता ३२०० म्हणत असेल तर दोघंही बरोबर आहेत. डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून आकडा दुप्पट धरायचा. एसपीडीच्या टॅबमध्ये स्लॉट निवडला की कंपनी, पार्ट नंबर आणि कितव्या वर्षी कितव्या आठवड्यात पट्टी बनली तेही बहुतेक वेळा दिसतं, कारण पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये ते नोंदलेलं असतं. दोन पट्ट्या वेगवेगळ्या वर्षांच्या असतील तर एक नंतर बसवली आहे. पुढे रॅम वाढवायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली फॉर्म फॅक्टर बघा. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती काढून बदलता येत नाही.

आता चार्जर लावा आणि एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सर्स दाखवण्याच्या पर्यायावर सुरू करा. ब्राउझरमध्ये एक मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ लावून दहा मिनिटं थांबा. एवढ्याशा कामाने तापमान ९५ अंशांच्या वर जाऊन टिकलं किंवा थर्मल थ्रॉटलिंगपुढे (तापल्यामुळे वेग कमी करणं) 'येस' आलं, तर बहुधा पंख्यात धूळ आहे किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली आहे. दोन्ही दुरुस्त होतात, पण खर्च धरायला हवा. ग्राफिक्ससाठी विंडोजमध्येच असलेलं डीएक्सडायग पुरतं.

अनोळखी पेन ड्राइव्ह लावू देणार नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याची काळजी रास्त आहे. तेव्हा डीएक्सडायग, टास्क मॅनेजर आणि बॅटरी रिपोर्टवर काम भागवा. डिस्कचं आरोग्य तेवढं नीट कळणार नाही, हे धरून किंमत बोला. लॅपटॉपमध्ये विंडोजच नसेल त्या वेळेसाठी लिनक्स मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालणारी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळा न्या. त्यातली एलएससीपीयू ही कमांड प्रोसेसर सांगते आणि डिस्क्स नावाचं ॲप बऱ्याच डिस्कची तब्येत.

शेवटी सीपीयू-झेडचा रिपोर्ट टेक्स्ट फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर साठवा, बॅटरीचाही तिथेच कॉपी करा आणि त्यांच्या यंत्रावर उरलेली फाइल पुसा. लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला आणि तो विक्रेत्याला येत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. आत शिरता आलं तर पडद्यावरचा सीरियल नंबर, लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही एकदा मोठ्याने वाचून जुळवा, मग पाकीट काढा.