फॉन्टमध्ये ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ टाइप केल्यावर पाय मोडलेला ऱ दिसतो: उपाय
अर्ध्या ऱचा ग्लिफ (फॉन्टमधली अक्षराची आकृती) काढून तयार होता, तरी ब्राउझरमध्ये पाय मोडलेला ऱ आणि शेजारी सुटा य. मराठीसाठी फॉन्ट करताना हे फार खुपतं. जोडणीचा नियम ‘लिगा’त (फॉन्टच्या साध्या जोडाक्षरांच्या फीचरमध्ये) टाकून उपयोग नाही, हार्फबझ (ब्राउझरमध्ये अक्षरं जुळवणारी लायब्ररी) देवनागरीसाठी ते बंदच ठेवतं.

चाललं ते असं: फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हाफ’ (अर्ध्या अक्षरांच्या) फीचरचा लिगेचर लुकअप, म्हणजे अनेक ग्लिफांऐवजी एक ठेवणाऱ्या नियमांचा संच, लिपी ‘डेव्ह२’ (देवनागरीचा नवा टॅग). त्यात आधी ऱ (यू+०९३१) आणि हलन्त (यू+०९४डी) मिळून तो अर्धा ऱ. मग साधा र आणि हलन्त मिळून तोच ग्लिफ, कारण काहीजण र्‍ शून्य-रुंदी जोडकाने (न दिसणाऱ्या ‘झेडडब्ल्यूजे’ चिन्हाने) लिहितात. मात्र रफाराचा ‘आरपीएचएफ’ (र आणि हलन्ताचा रफार करणाऱ्या फीचरचा) नियम फॉन्टमध्ये हवाच, नाहीतर ‘सूर्य’ही ‘सूऱ्य’ दिसेल. अर्ध्या ऱच्या ग्लिफला स्वतःची रुंदी द्या. रफारासारखी शून्य ठेवली तर तो शेजारच्या अक्षरावर चढतो.