इंटरपोलेट: पलीकडचं टोक आहे का?

'इंटरपोलेट म्हणजे रिकाम्या जागा भरणे' एवढा अर्थ पाठ करून मी प्रबंध लिहिला आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकलो. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तापमानाच्या नोंदींतले काही आकडे गायब होते. १० वाजता २४ अंश, १२ वाजता २८, ११ ची नोंद नाही. तिथे २६ धरणं म्हणजे इंटरपोलेट करणं. इथवर ठीक. पण शेवटचे ३ तास सेन्सरच बंद होता. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आकडेवारी हाताळायला पांडास नावाचं साधन आहे, त्यातलं इंटरपोलेट मी सेटिंग काहीही न बदलता चालवलं, तेही रकाने भरले गेले, आणि 'गायब असलेले सर्व आकडे इंटरपोलेट केले' असं बेधडक लिहून टाकलं. परीक्षकांनी आलेखाच्या शेपटीवर बोट ठेवलं. सपाट रेघ. "या ३ तासांचं पलीकडचं टोक कुठाय?"

त्या प्रश्नातच शब्दाचा अर्थ आहे. इंटर म्हणजे मधे. दोन्ही बाजूंच्या किमती माहीत हव्यात. नोंदींच्या बाहेर जाऊन अंदाज बांधला, तर ते एक्स्ट्रापोलेट. मराठीत अंतर्वेशन आणि बहिर्वेशन. पांडासनं तर अंदाजही बांधला नव्हता, शेवटचा आकडाच पुढे ओढला होता. त्यातल्या 'लिमिट एरिया' या सेटिंगला 'इनसाइड' द्या, शेपटी कोरी राहते. नोंदी समान अंतरावर नसतील, तर पद्धत 'टाइम' निवडा, नाहीतर मधल्या वेळेचा हिशेबच धरला जात नाही.

वापरायला शब्द अवघड नाही, घाबरू नका. गॅप 'फिल' करायची, किमती 'इंटरपोलेट' करायच्या, आणि 'बिट्वीन'पुढे दोन्ही टोकं सांगायची. ग्रंथाच्या बाबतीत मात्र जपून. तिथे इंटरपोलेट म्हणजे मूळ मजकुरात मागाहून ओळी घालणं, आपण ज्यांना प्रक्षिप्त श्लोक म्हणतो तसं. मुलाखतीच्या उताऱ्यात 'काही वाक्यं इंटरपोलेट केली' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला घुसडल्याचाच वास येईल. बोलण्यात कुणी मधेच एखादं वाक्य टाकलं, तरी हेच क्रियापद चालतं.

एका शब्दाला एकच प्रतिशब्द देणाऱ्या याद्या मी तेव्हापासून फेकून दिल्या. आणि मसुदा वाचून नुसतं 'छान' म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा असा एक प्रश्न विचारणारा माणूस शोधा, आधीच शोधा.

प्रबंध दुरुस्तीनंतर मान्य झाला. ते ३ रकाने मी कोरे सोडले आणि तक्त्याखाली लिहिलं: सेन्सर बंद, नोंद नाही.