ओढा साफ करायचा तर आधी पाइप शोधा

सफाईची मोहीम बहुधा प्लास्टिक उचलण्यापासून सुरू होते. पोती भरतात, काठ स्वच्छ दिसतो, पण पाणी तसंच राहतं, कारण घाण वरून येतच असते. म्हणून कचऱ्याला हात लावण्याआधी घाणीचा माग काढा.

सलग तीन दिवस पाऊस झाला नसेल तेव्हा काठाने उगमाच्या दिशेने चालत जा. ओढ्यात उघडणारा प्रत्येक पाइप नकाशावर टिपा, फोटो काढा. पावसाळी पाण्याचा पाइप अशा दिवसांत कोरडा असायला हवा. वाहत असेल, तर बहुधा त्याला सांडपाणी जोडलेलं असतं, नाहीतर एखादी जलवाहिनी गळत असते. पाणी राखाडी आणि कुजका वास असेल, तर मैल्याचा संशय धरा. पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर काडीने हलवून बघा. त्याचे तुकडे होऊन सुटे राहिले, तर तो लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा, म्हणजे नैसर्गिक. पुन्हा एकत्र आला, तर तेलाचा.

मग पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजा. साधं चाचणी किट पुरतं. लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक मासे जगतात, 2 च्या खाली तग धरणं अवघड. मोजमाप पहाटे घ्या. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो वापरतं, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. नकाशा, फोटो, तारखांसह नोंदी असा सगळा संच स्थानिक प्रशासनाला लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार विरून जाते.

पाइप बंद होऊ लागले की कचरा काढा. गमबूट आणि जाड हातमोजे हवेतच. जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा धोका असतो. पाऊस पडून गेल्यावर लगेचही नको. पडलेली लाकडं प्रवाह अडवत नसतील तर राहू द्या, मासे त्यांच्या आडोशाला राहतात. यंत्राने गाळ उपसण्याची घाई मात्र अजिबात करू नका: तळाशी बसलेले जड धातू पुन्हा पाण्यात मिसळतात. त्यासाठी तज्ज्ञांकडून गाळाची तपासणी हवी.

शेवटी काठावर स्थानिक गवत आणि झुडपांचा पट्टा लावा, जमेल तितका रुंद. तो वाहून येणारी माती आणि खतं अडवतो. रोपं रुजेपर्यंत गुरांपासून जपा.