ग्लॅडिएटरांवरच्या माहितीपटात माणसं कशी निवडाल?

माहितीपटांसाठी संशोधन करणं हे माझं काम. प्राचीन रोमचा विषय निघाला की बैठकीत कुणीतरी विचारतंच, "वैविध्य म्हणून एखादा कृष्णवर्णीय ग्लॅडिएटर कुठे घालूया?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. रोमन आखाड्यात, जिथे ग्लॅडिएटर प्रेक्षकांसमोर शस्त्रं घेऊन लढत, तीन खंडांतली माणसं होती. ती पुराव्यात कुठे सापडतात ते आधी पाहा, नट मागाहून निवडा.

सुरुवात थडग्यांवरच्या लेखांपासून करा. सिसिलीतल्या फ्लामा या ग्लॅडिएटरच्या लेखात तो सीरियन असल्याचं स्वच्छ कोरलंय. वय 30, लढती 34. त्यांतल्या 21 जिंकल्या, 9 बरोबरीत सुटल्या, 4 वेळा हरूनही त्याला जीवदान मिळालं. दगड उभारला तो देलिकातुस नावाच्या त्याच्या साथीदारानं. इटलीतल्या वेरोनाचा ग्लाउकुस मूळचा मोडेना शहराचा. तो 23 व्या वर्षी आठव्या लढतीत गेला. त्याचं थडगं बायको आउरेलियानं आणि त्याच्या चाहत्यांनी बांधलं. 'नेमेसिसवर भरवसा ठेवू नका, मी तसाच फसलो,' असं त्यावर त्याच्याच तोंडी घातलंय; नेमेसिस ही नियतीची आणि सूडाची देवता. आउरेलियाला माहितीपटात जागा द्याच. बायका म्हणजे फक्त प्रेक्षकांतल्या किंचाळणाऱ्या बायका, हे चित्र तिच्यामुळे बदलतं.

मग एक तक्ता करा: पात्र, कुठला, गुलाम की स्वतंत्र, पुरावा काय. 'गुलाम की स्वतंत्र' हा रकाना गाळू नका, कारण करार करून स्वखुशीनं आखाड्यात उतरलेले स्वतंत्र नागरिकही होते. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र कल्पित आहे असं निवेदनात सांगा.

इथे एक सापळा आहे. 'थ्राएक्स' म्हणजे छोटी ढाल आणि वाकडी तलवार घेऊन लढणारा. तो थ्रेस या बाल्कन प्रदेशातलाच असेल असं नाही. शस्त्रांची ती एक पद्धत होती. शस्त्रांवरून चेहरा ठरवू नका.

लढणाऱ्या स्त्रियांसाठी हालिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रुम, इथलं शिल्प पाहा. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अमेझॉन आणि अकिलिया समोरासमोर उभ्या आहेत, पुरुषांसारखीच ढाल-तलवार घेऊन, आणि दोघींना जिवंत सोडल्याचं लेख सांगतो. त्या मोजक्या होत्या, पण होत्या. इसवी सन 200 च्या सुमारास सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनं स्त्रियांच्या लढतींवर बंदी घातली. वेशभूषाकाराला या शिल्पाचा फोटोच द्या, नाहीतर कातडी चोळी हमखास येते.

सगळ्यात जपून हाताळायचा प्रसंग इटलीतल्या पुतेओली शहराचा. इसवी सन 66 मध्ये सम्राट नीरोनं आर्मेनियाचा राजा तिरिदातेस याच्यासाठी तिथे खेळ भरवले. एक अख्खा दिवस आखाड्यात फक्त इथिओपियन (रोमन लोक कृष्णवर्णीय आफ्रिकनांना असं म्हणत) पुरुष, स्त्रिया आणि मुलं होती, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. माणसांचा रंगच तिथे प्रदर्शनाला मांडला होता. हा प्रसंग नुसता रंगीबेरंगी गर्दी म्हणून चित्रित केलात तर नीरोच्याच आसनावरून पाहिल्यासारखं होईल. कॅमेरा आखाड्यातल्या माणसांच्या उंचीवर ठेवा, सम्राटाच्या सज्जात नको.

डीएनएचा आधार घेताना शब्द तोलून वापरा. इंग्लंडमधल्या यॉर्क इथे सापडलेल्या, शिरच्छेद झालेल्या तरुणांपैकी एकाचं मूळ मध्यपूर्वेत असल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. ते ग्लॅडिएटर असावेत असा अंदाज आहे. निवेदनात तो 'असावेत' राहू द्या.

अंगकाठीचाही विचार करा. एफेसस या प्राचीन शहरातल्या ग्लॅडिएटर स्मशानभूमीतल्या हाडांच्या तपासणीत त्यांचा आहार मुख्यतः धान्य आणि कडधान्यांचा दिसतो. व्यायामशाळेत कोरलेली दहा एकसारखी शरीरं नकोत; उंच, बुटके, भरलेले, व्रण असलेले असे नट घ्या.

मुलाखतींसाठी फक्त रोम आणि लंडनचे प्राध्यापक पुरणार नाहीत. बोद्रुम आणि एफेसस तुर्कस्तानात आहेत, ग्लॅडिएटरांचं झ्लितेनचं मोझेक लिबियातलं. तिथल्या पुरातत्त्वज्ञांना त्यांच्या भाषेत बोलू द्या आणि खाली उपशीर्षकं द्या.

पैसे दोनच नाट्यप्रसंगांपुरते असतील, तर फ्लामासाठी दगड उभारणारा देलिकातुस आणि ग्लाउकुसला निरोप देणारी आउरेलिया हे दोन घ्या. लढाईची दृश्यं त्यानंतर उरलेल्या पैशात बसवा.